कवटीतील छिद्रांची रचनाभिन्नता आणि शस्त्रकर्मातील तिचे महत्त्व

प्रस्तावना

रचनाशारीराच्या अध्ययनात विद्यार्थ्याच्या हाती प्रथम कवटी येते, तेव्हा तिच्या तळाशी असलेली अनेक लहानमोठी छिद्रे पाहून तो गोंधळून जातो. पुढे परीक्षेपुरती त्यांची नावे व त्यांतून जाणाऱ्या मज्जातंतू-सिरा-धमन्यांची यादी पाठ केली जाते आणि व्यवसायात पडल्यावर ती बहुधा विस्मरणात जाते. ग्रंथातील आकृतीत प्रत्येक छिद्र ठरलेल्या जागी, ठरलेल्या आकाराचे व दोन्ही बाजूंस सारखे दाखविलेले असते. प्रत्यक्षात मात्र दोन कवट्या कधीही तंतोतंत सारख्या नसतात; इतकेच नव्हे, तर एकाच कवटीची डावी व उजवी बाजूही पुष्कळदा भिन्न असते. एखादे छिद्र नसतेच, एखादे दुहेरी असते, दोन शेजारची छिद्रे एकमेकांत मिसळलेली असतात, तर कोठे अस्थीचा बारीक काटा किंवा पूल छिद्राचे तोंड अडवून बसलेला असतो.

हा केवळ शारीरतज्ज्ञांच्या कुतूहलाचा विषय असता, तर त्यास या त्रैमासिकात स्थान देण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु चेहऱ्यावरील असह्य वेदनेसाठी सुई घालणारा शल्यचिकित्सक, कर्णरोगावर शस्त्रकर्म करणारा शालाक्यतज्ज्ञ, कपाळावर विद्धकर्म किंवा अग्निकर्म करणारा वैद्य आणि चेहऱ्यावरील पिटिकेवर लेप देणारा ग्रामीण चिकित्सक या सर्वांचा या छिद्रांशी कळत-नकळत संबंध येतो. नोव्हेंबर २०२० मध्ये तत्कालीन केंद्रीय भारतीय चिकित्सा परिषदेने शल्य व शालाक्य या विषयांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात शिकवावयाच्या शस्त्रकर्मांची स्पष्ट सूची प्रसिद्ध केली. त्यात शल्याची ३९ व शालाक्याची १९ कर्मे आहेत. ज्यास शस्त्र चालविण्याचा अधिकार मिळाला, त्याच्यावर शारीर नेमके जाणण्याची जबाबदारीही आलीच. यास्तव या विषयाचे थोडे विस्ताराने विवेचन करण्याचे योजिले आहे.

शास्त्रीय पार्श्वभूमी

आयुर्वेदात अस्थींचे कपाल, रुचक, तरुण, वलय व नलक असे पाच प्रकार सांगितले असून शिराच्या अस्थी कपाल या प्रकारात येतात. सुश्रुताचार्यांनी एकूण १०७ मर्मांपैकी ३७ मर्मे जत्रूच्या वर सांगितली आहेत. शिराच्या माथ्यावर, जेथे आत सिरा व संधी एकत्र येतात आणि बाहेर केसांचा भोवरा असतो, तेथे अधिपती मर्म सांगून ते सद्यःप्राणहर मानले आहे. सिरावेधाच्या प्रकरणात ९८ सिरा अवेध्य म्हणून वर्ज्य केल्या आहेत व त्यांपैकी ५० एकट्या जत्रूर्ध्व भागात आहेत. शरीराच्या या लहानशा भागाविषयी आचार्यांनी किती सावधगिरी बाळगली होती, हे या आकड्यावरूनच ध्यानी यावे.

आणखी एक गोष्ट येथे विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. आचार्यांनी शरीराचे मान सर्वांना एकच लावले नाही. ज्याचे शरीर त्याच्याच अंगुलीने मोजावयाचे, हे स्वांगुलिप्रमाणाचे तत्त्व आहे. म्हणजे व्यक्तिभेद हा शास्त्रास अपरिचित नाही. मात्र येथे एक मर्यादाही ओळखली पाहिजे. स्वांगुलीने देहाच्या लहानमोठेपणाचा फरक भरून निघतो. पण एखाद्या व्यक्तीत छिद्र एक आहे की दोन, उघडे आहे की अस्थीने अडलेले, हे अंगुलीने कळत नाही. तेथे प्रत्यक्षाचाच आधार घ्यावा लागतो. मृत शरीर वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवून, नंतर हळूहळू घासून, एकेक अवयव डोळ्यांनी पाहण्याचा जो विधी सुश्रुताचार्यांनी सांगितला, त्यामागील दृष्टी हीच होय.

भिन्नता का निर्माण होते?

छिद्र हे अस्थीत पाडलेले भोक नव्हे. गर्भावस्थेत मज्जातंतू व रक्तवाहिन्या आधी अस्तित्वात येतात. त्यांच्या सभोवती अस्थी नंतर तयार होते. ज्याप्रमाणे भिंत बांधताना आधीच उभ्या असलेल्या नळाभोवती गवंडी विटा रचतो, त्याप्रमाणे हे घडते. साहजिकच नळ दोन असतील तर भोके दोन होतील. नळ नसेल तर भिंत अखंड राहील. आणि नळाचा मार्ग बदलला तर भोकाची जागाही बदलेल. म्हणून रचनाभिन्नतेचे पहिले कारण वाहिन्यांच्या मांडणीतील भेद हे होय.

दुसरे कारण अस्थीभवनाची गती. जतुकास्थीतील मोठे लंबगोल छिद्र सामान्यतः जन्माच्या सुमारास सर्व बाजूंनी पूर्ण झालेले असते. त्याच्या मागील लहान छिद्र मात्र बाल्यात काही काळ मागच्या बाजूने उघडे राहू शकते व काही व्यक्तींत ते आयुष्यभर अपूर्णच राहते. तिसरे कारण असे की, छिद्रांच्या शेजारचे स्नायुबंध काही व्यक्तींत अस्थिमय होतात व त्यामुळे नवेच पूल किंवा कप्पे निर्माण होतात. चौथे कारण आनुवंशिक होय. त्याचे उदाहरण पुढे पार्श्वकपालाच्या छिद्रांच्या संदर्भात येईल.

फोरॅमेन ओव्हेल : सुईचा दरवाजा

कवटीच्या तळाशी जतुकास्थीच्या मोठ्या पंखात असलेल्या लंबगोल छिद्रास आधुनिक शारीरात फोरॅमेन ओव्हेल म्हणतात. प्रौढात त्याची लांबी सुमारे ७ मिलिमीटर व रुंदी सुमारे ४ मिलिमीटर असते. त्यातून पाचव्या शीर्षण्य मज्जातंतूची तिसरी शाखा, म्हणजे खालच्या जबड्याकडे जाणारी शाखा, कवटीबाहेर येते. तिच्या सोबत एक लहान धमनी व सिरांचे जाळेही असते.

या छिद्राचे महत्त्व पाचव्या मज्जातंतूच्या वेदनेमुळे, म्हणजे ट्रायजेमिनल न्यूराल्जियामुळे, वाढले आहे. सुश्रुताचार्यांनी शिरोरोगांत वर्णिलेल्या अनंतवाताशी या व्याधीचे साम्य पुष्कळ वैद्य मानतात. मान, डोळा, भुवई, शंखप्रदेश यांतील तीव्र वेदना, गंडप्रदेशी कंप व हनुग्रह ही लक्षणे पाहता हे साम्य विचारात घेण्याजोगे आहे. मात्र दोन्ही सर्वथा एकच असे म्हणणे घाईचे होईल. दात घासताना, घास चावताना, गार वाऱ्याची झुळूक लागताना वीज चमकावी तशी कळ येणाऱ्या या रुग्णांना प्रथम औषध दिले जाते. औषधाने आराम न पडल्यास वा ते सोसत नसल्यास शस्त्रोपचाराचा विचार होतो.

या उपचारांपैकी एका गटात ओठाच्या कोपऱ्यापासून सुमारे अडीच ते तीन सेंटिमीटर बाहेर गालावर सुई टोचून ती फोरॅमेन ओव्हेलमधून आत मज्जातंतूच्या गंडापर्यंत नेतात. हा मार्ग विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जर्मन शल्यचिकित्सक फ्रिट्झ हार्टेल यांनी रूढ केला. पुढे १९७४ मध्ये नियंत्रित उष्णता देण्याची स्वीट व वेप्सिक यांची पद्धत, १९८१ मध्ये हाकान्सन यांची ग्लिसरॉलची पद्धत आणि १९८३ मध्ये मलन व लिक्टर यांची लहान फुग्याने दाब देण्याची पद्धत प्रसिद्ध झाली. तंत्रे निराळी असली तरी सर्वांचा दरवाजा एकच आहे. दरवाजा अरुंद वा अडलेला असेल, तर कुशल हातही थांबतो.

आता या छिद्रातील भिन्नता पाहू. आकार सर्वांत लंबगोल नसतो. तो कधी बदामासारखा, कधी वाटोळा, तर कधी फटीसारखा चिंचोळा असतो. काठावर काटा किंवा उंचवटा असू शकतो. काहींत अस्थीच्या पातळ पडद्याने छिद्राचे दोन भाग होतात. काहींत जतुकास्थीच्या काट्यापासून खाली असलेल्या पट्टापर्यंतचा स्नायुबंध अस्थिमय होऊन सुईच्या वाटेवर आडवा पूल तयार होतो. असा पूल असताना बाहेरून सर्व खुणा बरोबर घेतल्या तरी सुई आत जात नाही. शिवाय या पुलाजवळून जाणारा मज्जातंतू आवळला जाऊन जीभ वा खालच्या जबड्याच्या भागी बधिरता व वेदना निर्माण होऊ शकते, असेही शारीरतज्ज्ञ मानतात.

सुई चुकली तर काय होते, हे जाणल्यास या भिन्नतेचे गांभीर्य कळते. सुई आतल्या-मागल्या बाजूस गेली तर मस्तिष्काला रक्त पुरविणारी आभ्यंतर ग्रीवा धमनी जवळ असते. अधिक मागे गेली तर ग्रीवासिरेचे छिद्र येते. फार पुढे गेली तर नेत्रगुहेच्या तळाच्या फटीतून दृष्टिनाडीस धोका पोहोचतो. म्हणूनच आता हे कर्म क्ष-किरणांच्या चलत्चित्रणाखाली करतात व अवघड प्रसंगी आधी सीटी स्कॅन काढून छिद्राचा आकार व दिशा पाहून घेतात.

शेजारची दोन लहान छिद्रे

फोरॅमेन ओव्हेलच्या आतल्या-पुढल्या बाजूस काही व्यक्तींत एक लहान छिद्र असते. शारीरज्ञ व्हेसॅलियस याच्या नावाने ते ओळखले जाते. ते कधी एका बाजूस, कधी दोन्ही बाजूंस असते, तर अनेकांत नसतेच. त्यातून जाणारी सिरा कवटीबाहेरील, जबड्याच्या खोल भागातील सिराजालास आतील कॅव्हर्नस सायनस या शिरोगत सिराकुल्येशी जोडते. गालातून घातलेली सुई चुकून या छिद्रात शिरली, तर ही सिरा फाटून आत रक्तस्राव होऊ शकतो.

फोरॅमेन ओव्हेलच्या मागील-बाहेरील बाजूस फोरॅमेन स्पायनोसम हे लहान वाटोळे छिद्र असते. त्यातून मध्य मस्तिष्कावरण धमनी आत येते. शंखप्रदेशी आघात होऊन अस्थी भंगल्यास हीच धमनी किंवा तिची शाखा फाटून कवटी व आवरण यांच्यामध्ये रक्त साचते. शंखमर्म सद्यःप्राणहर का मानले गेले असावे, याचा उलगडा या धमनीच्या मार्गाकडे पाहून काही अंशी होतो. शस्त्रकर्मात कवटीच्या मध्य तळाकडे जाताना शल्यचिकित्सक हे छिद्र खूण म्हणून वापरतात. ते अपूर्ण असेल, ओव्हेलशी मिसळलेले असेल किंवा नसेलच, तर खूणच हरवते.

हे छिद्र नसण्याचा आणखी एक अर्थ शालाक्यतज्ज्ञांनी लक्षात ठेवावा. गर्भावस्थेत मध्यकर्णातील रिकिबीच्या आकाराच्या अस्थीतून जाणारी एक धमनी असते व ती सामान्यतः नाहीशी होते. क्वचित ती टिकून राहते; मग मध्य मस्तिष्कावरण धमनी तिच्यापासूनच निघते आणि त्या बाजूचे फोरॅमेन स्पायनोसम तयार होत नाही. तेव्हा कर्णशस्त्रकर्मापूर्वीच्या सीटी स्कॅनमध्ये हे छिद्र न दिसल्यास मध्यकर्णात अनपेक्षित धमनी असण्याची शंका घ्यावी. अर्थात मध्य मस्तिष्कावरण धमनी नेत्रधमनीपासून निघत असेल, तरीही हे छिद्र नसू शकते.

संयोजक सिरा व त्यांची छिद्रे

कवटीच्या बाहेरील सिरांना आतील सिराकुल्यांशी जोडणाऱ्या सिरांना एमिसरी व्हेन्स म्हणतात. येथे आपण त्यांस संयोजक सिरा म्हणू. या सिरांत रक्ताचा प्रवाह परिस्थितीनुसार दोन्ही दिशांनी होऊ शकतो. त्यामुळे बाहेरील पूययुक्त शोथ आत पोहोचण्याची ती एक वाट ठरते. ज्या छिद्रांतून या सिरा जातात, त्यांत भिन्नता सर्वांत अधिक आढळते.

कानामागील अस्थीत मॅस्टॉइड छिद्र असते. त्यांची संख्या शून्यापासून तीन किंवा अधिकही असू शकते व आकार टाचणीच्या टोकापासून काही मिलिमीटरपर्यंत बदलतो. पाचव्या मज्जातंतूच्या वेदनेवरील शस्त्रोपचाराचा दुसरा प्रमुख मार्ग येथूनच जातो. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात पीटर जॅनेटा यांनी शस्त्रकर्मीय सूक्ष्मदर्शक वापरून, मज्जातंतूच्या मुळावर दाब देणारी रक्तवाहिनी दूर करण्याची पद्धत विकसित केली. त्यासाठी कानामागे कवटी उघडावी लागते. संयोजक सिरा मोठी असेल व ती नकळत फाटली, तर रक्तस्राव तर होतोच. शिवाय रुग्ण बसलेल्या स्थितीत असल्यास उघड्या सिरेतून हवा आत ओढली जाऊन हृदयापर्यंत पोहोचण्याचा धोका असतो. म्हणजे अनंतवातसदृश व्याधीत गालाकडून जा किंवा कानामागून जा, छिद्रांची भिन्नता दोन्ही मार्गांवर उभी असते.

पश्चकपालास्थीच्या मोठ्या छिद्राजवळ, मणक्याशी सांधा करणाऱ्या उंचवट्यामागे कॉन्डायलर नलिका असते. ही कधी मोठी, कधी एकाच बाजूस, तर कधी नसतेच. तिच्या पुढे जिभेच्या मज्जातंतूची नलिका असून काही कवट्यांत अस्थीच्या पडद्याने तिचे दोन भाग झालेले दिसतात. कवटी व मान यांच्या सांध्याजवळ शस्त्रकर्म करताना या दोहोंची ओळख आवश्यक ठरते.

माथ्यावर मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंस, मागच्या भागात, पार्श्वकपालास्थीत एकेक बारीक छिद्र असते. त्यातून वरच्या मध्य सिराकुल्येकडे सिरा जाते. पुष्कळांत हे छिद्र एकाच बाजूस असते किंवा नसते. क्वचित काही कुटुंबांत मात्र ते कित्येक मिलिमीटर, कधी काही सेंटिमीटर रुंद असते. एमएसएक्स-२ व एएलएक्स-४ या जनुकांतील दोषांशी याचा संबंध सिद्ध झाला आहे. अशा बालकाच्या माथ्यावर मागे दोन मऊ जागा हाताला लागतात. पुढील टाळू सामान्यतः दीड ते दोन वर्षांपर्यंत भरते. त्यानंतरही मागील बाजूस मऊपणा राहिल्यास केवळ टाळू भरली नाही असे समजून स्वस्थ बसू नये. बाळाच्या माथ्यास तेल चोळणाऱ्या मातेस व दाईस त्या जागी दाब न देण्यास सांगावे आणि तज्ज्ञांकडून तपासणी करवून घ्यावी. आघातानंतर काढलेल्या क्ष-किरण चित्रात ही छिद्रे अस्थिभंग वा व्याधिजन्य क्षय समजली जाण्याचीही शक्यता असते.

चेहऱ्यावरील छिद्रे

नेत्रगुहेच्या वरच्या काठावर असलेल्या वाटेने कपाळाचा मज्जातंतू बाहेर येतो. ही वाट काहींत उघडी खाच असते, तर काहींत पूर्ण छिद्र असते. एकाच व्यक्तीत एका बाजूस खाच व दुसऱ्या बाजूस छिद्र असणेही विरळ नाही. कधी छिद्र काठापासून बरेच वरही असते. खाच बोटाला लागते, छिद्र बहुधा लागत नाही. छिद्रातून जाणारा मज्जातंतू अस्थीने बांधलेला असल्याने कपाळाची त्वचा वर उचलताना किंवा अस्थिभंगात तो ताणला जाऊन तुटण्याचा धोका अधिक असतो. भुवईच्या वरच्या खोलगट भागात आवर्त मर्म सांगून त्याच्या आघाताने आंध्य व दृष्टीचा उपघात होतो असे शास्त्रात म्हटले आहे. हे मर्म म्हणजे हाच मज्जातंतू असा दावा येथे नाही. परंतु या भागी विद्धकर्म वा अग्निकर्म करताना खोली व जागा यांविषयी दुप्पट दक्षता घ्यावी, एवढे दोन्ही शास्त्रे एकमुखाने सांगतात.

नेत्रगुहेच्या खालच्या काठाखाली सुमारे ६ ते १० मिलिमीटरवर गालाच्या मज्जातंतूचे छिद्र असते व काहींत त्याच्या शेजारी एक किंवा अधिक जोडछिद्रे असतात. हनुवटीच्या बाजूस, सामान्यतः दुसऱ्या उपदाढेच्या खाली किंवा दोन उपदाढांच्या मध्ये, अधोहन्वस्थीत छिद्र असते. तेथेही जोडछिद्र आढळते. टाळूवरील मोठे छिद्र बहुधा तिसऱ्या दाढेसमोर, पण काहींत दुसऱ्या दाढेकडे सरकलेले असते. बधिर करण्याचे औषध योग्य मात्रेत व योग्य जागी देऊनही रुग्ण वेदनेची तक्रार करतो, तेव्हा तो भित्रा आहे असे समजण्यापूर्वी जोडछिद्रातून जाणाऱ्या शाखेचा विचार करावा.

नासा व कर्ण : शालाक्याशी निकटचा संबंध

नासेच्या वरच्या छतास असलेली चाळणीसारखी अस्थिपट्टी अनेक बारीक छिद्रांची बनलेली असून त्यांतून गंधवाही तंतू जातात. ही पट्टी शेजारच्या छतापेक्षा किती खोल बसली आहे, यावर केरॉस यांनी १९६२ मध्ये तीन प्रकार सांगितले : १ ते ३ मिलिमीटर, ४ ते ७ मिलिमीटर व ८ ते १६ मिलिमीटर. पट्टी जितकी खोल, तितकी तिच्या बाजूची पातळ भिंत अधिक उघडी असते. दुर्बिणीने नासाकोटरांचे शस्त्रकर्म करताना ती फुटल्यास मस्तिष्कमेरुद्रव नासेतून वाहू लागतो. त्याच छतालगत नेत्रगुहेतून येणारी झर्झरास्थीची धमनी असते. नेत्रगुहेच्या आतील भिंतीवर अश्रुकोशाच्या पुढील कडेपासून सुमारे २४ मिलिमीटरवर पुढील छिद्र, तेथून १२ मिलिमीटरवर मागील छिद्र व पुढे ६ मिलिमीटरवर दृष्टिनाडीची नलिका, असा नियम शल्यचिकित्सकांत रूढ आहे. तथापि हा नियम सरासरीचा आहे. कोणात मागील छिद्र नसते, कोणात तिसरे अधिक असते. अंतर मोजून डोळे मिटून पुढे जाणाऱ्यास दृष्टिनाडी अपेक्षेपेक्षा आधी भेटू शकते.

नस्यकर्म करणाऱ्या वैद्यांसाठी येथे एक सूचना आवश्यक आहे. शिरोघातानंतर किंवा नासेच्या शस्त्रकर्मानंतर एका नाकपुडीतून, विशेषतः खाली वाकल्यावर, पाण्यासारखा स्वच्छ स्राव होत असेल, तर तो प्रतिश्याय समजून नस्य देऊ नये. तो मस्तिष्कमेरुद्रव असू शकतो व बाहेरून घातलेले कोणतेही द्रव्य आत जाण्याची वाट उघडी असू शकते. तसेच लहान मुलाच्या नासामूळाशी किंवा नाकात जन्मतः असलेली गाठ छेदू नये. या भागातील एक आंधळे छिद्र गर्भावस्थेत नीट मिटले नाही, तर गाठीचा संबंध थेट मस्तिष्काशी असू शकतो.

कर्णाकडे वळता, ग्रीवासिरेचे छिद्र सामान्यतः उजवीकडे मोठे असते. कारण माथ्यावरील मध्य सिराकुल्येचे रक्त बहुतेकांत उजव्या बाजूने खाली उतरते. काहींत या सिरेचा फुगीर भाग फार वर चढून मध्यकर्णाच्या तळाशी येतो आणि कधी त्यावरील अस्थीचे कवचही नसते. अशा रुग्णात कर्णनाद नाडीच्या ठोक्याबरोबर ऐकू येऊ शकतो व कर्णपटलामागे निळसर छटा दिसू शकते. तेथे सुई वा शस्त्र चालविल्यास अतितीव्र रक्तस्राव होतो. म्हणून नाडीच्या तालावर होणारा कर्णनाद केवळ वातज समजून चिकित्सा करू नये; आधी तपासणी करावी.

बाह्यकर्णाच्या पुढील भिंतीत बालपणी असलेले हुश्के यांच्या नावाचे छिद्र साधारणतः पाचव्या वर्षापर्यंत मिटते. काही प्रौढांत ते राहून जाते. जबड्याच्या सांध्यामागील मऊ भाग त्यातून कर्णनलिकेत डोकावतो, तोंड उघडले की आत ओढला जातो व मिटले की बाहेर येतो. क्वचित जेवताना कानातून पातळ स्रावही येतो. वारंवार कर्णपूरण करूनही न थांबणाऱ्या कर्णस्रावात रुग्णास तोंड उघडण्या-मिटण्यास सांगून कर्णनलिका पाहावी. निदान पुष्कळदा तेवढ्यावर सुचते.

दैनंदिन व्यवसायासाठी सार

१. वरचा ओठ, नाक व त्याभोवतालच्या भागातील पिटिका पिळू नयेत, अपक्वावस्थेत त्यांचा भेद करू नये. ताप, तीव्र शिरःशूल, पापण्यांची सूज, डोळा पुढे येणे किंवा दोन प्रतिमा दिसणे यांपैकी काहीही आढळल्यास लेप व काढ्यात वेळ न दवडता त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे.

२. शिरोभागी रक्तमोक्षण, विद्धकर्म वा अग्निकर्म करण्यापूर्वी पूर्वीचा शिरोघात, शस्त्रकर्म व रक्त पातळ करणाऱ्या औषधांचे सेवन यांची चौकशी करून नोंद ठेवावी.

३. चेहऱ्याच्या तीव्र वेदनेचा रुग्ण तरुण असेल, वेदना दोन्ही बाजूंस असेल किंवा वेदनेसोबत कायमची बधिरता असेल, तर एमआरआय तपासणीचा आग्रह धरावा. मागे अन्य व्याधी असण्याची शक्यता असते.

४. शस्त्रकर्मास जाणाऱ्या रुग्णाचे पूर्वीचे स्कॅन फेकून न देता सोबत नेण्यास सांगावे. जुन्या चित्रात दिसलेली भिन्नता नव्या शल्यचिकित्सकास फार उपयोगी पडते.

औषधालयचालक बंधूंसाठीही एक विनंती. चेहऱ्याच्या या वेदनेवर कार्बामॅझेपिन हे औषध प्रथम दिले जाते. ते चिकित्सकाच्या चिठ्ठीशिवाय देऊ नये. आयुर्वेदीय औषध सुरू केले म्हणून रुग्ण ते एकदम बंद करीत असेल, तर त्यास थांबवावे. मात्रा चिकित्सकाच्या सल्ल्यानेच हळूहळू कमी करावयाची असते. औषध सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत अंगावर पुरळ, तोंडात व्रण वा ताप आल्यास रुग्णास त्वरित चिकित्सकाकडे पाठवावे. ही गंभीर त्वग्विकाराची सुरुवात असू शकते.

उपसंहार

आपल्या आयुर्वेद महाविद्यालयांच्या रचनाशारीर विभागांत कवट्यांचा संग्रह असतो. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी वर्षातून एकदा त्या सर्व कवट्यांतील छिद्रांची नोंद करावी : छिद्र आहे की नाही, डावे-उजवे, संख्या, व्हर्नियर कॅलिपरने घेतलेले माप, काठावरील काटा वा पूल. या कामास मोठा खर्च लागत नाही. लागते ती चिकाटी व प्रामाणिक नोंद. शुष्क कवटीवरून वय व लिंग निश्चित सांगणे कठीण असते, ही मर्यादाही नोंदीत स्पष्ट लिहावी. अनेक महाविद्यालयांच्या नोंदी एकत्र आल्यास आपल्या प्रदेशातील शल्य व शालाक्य तज्ज्ञांना उपयुक्त असे साहित्य हाती येईल, आणि विद्यार्थ्याच्या दृष्टीने सांगावयाचे तर, आकृतीत पाठ केलेले छिद्र आणि हातातील कवटीचे छिद्र यांतील अंतर त्यास स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

शास्त्रज्ञान व प्रत्यक्ष या दोहोंच्या संयोगानेच ज्ञान वाढते, ही सुश्रुताचार्यांची शिकवण आहे. शस्त्र हाती घेण्यापूर्वी समोरच्या रुग्णाची कवटी ग्रंथातील कवटीहून वेगळी असेल, असे गृहीत धरूनच चालावे. ती तशी नसल्याचे तपासणीत आढळले, तर हानी काहीच नाही. आणि वेगळी निघाली, तर त्या एका सावधगिरीने रुग्णाची दृष्टी, वाणी किंवा प्राण वाचलेले असतील.